सी मॉस जेल: तयार बरणी घ्यावी की सुके शेवाळ आणून घरी करावे?

लंडनमध्ये सी मॉस, म्हणजे खाण्यासाठी वापरले जाणारे समुद्रातले लाल शेवाळ, तीन रूपांत विकत मिळते. कॅरिबियन किराणा दुकानांत ते सुक्या, गुंता झालेल्या शेवाळाच्या पारदर्शक पिशव्यांत असते. आरोग्यदायी खाद्यपदार्थ विकणाऱ्या दुकानांत ‘कॅरागीन’ किंवा ‘आयरिश मॉस’ या नावाने त्याची छोटी पाकिटे मिळतात. आणि ज्यांना भिजवण्या-वाटण्याची यातायात नको असते त्यांच्यासाठी ऑनलाइन तयार जेलच्या बरण्या आहेत. या हिवाळ्यात मी तिन्ही घेऊन वापरून पाहिले. पुढील परीक्षण मुख्यतः सुके शेवाळ आणून घरी जेल करण्याचे आहे, कारण सांगण्यासारखे बहुतेक त्यातच आहे. तयार बरणीचा विषय मात्र आधी हातावेगळा करते.

बरणी आंब्याच्या चवीची होती, साधारण साडेचारशे मिलिलिटरची, आणि तिची किंमत वीस पौंडांच्या पुढे होती. घटकांच्या यादीत पहिला क्रमांक पाण्याचा, दुसरा आंब्याच्या गराचा आणि तिसरा सी मॉसचा. शेवाळ कोणत्या जातीचे, कोणत्या देशातले, एका चमच्यात आयोडीन किती, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लेबलवर नव्हते. ‘९२ खनिजे’ हे शब्द मात्र सोनेरी अक्षरांत होते. चव वाईट म्हणता येणार नाही, पण ती आंब्याची आणि साखरेच्या पाकाची चव होती. उघडल्यापासून आठवड्याच्या आत, फ्रिजमध्ये ठेवूनही, तिला आंबूस वास येऊ लागला, आणि विक्रेत्याकडून ‘नैसर्गिक पदार्थ असल्यामुळे असे होते’ एवढेच उत्तर आले. त्या किमतीत हे माझ्या मते खपवून घेण्यासारखे नाही.

त्या सोनेरी अक्षरांबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. शरीराला लागणाऱ्या १०२ खनिजांपैकी ९२ सी मॉसमध्ये असतात, हा दावा होंडुरासमध्ये जन्मलेले आणि ‘डॉ. सेबी’ या नावाने प्रसिद्धी पावलेले आल्फ्रेडो बोमन यांच्या नावावर सांगितला जातो. त्यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले, पण आकडा टिकून आहे. आवर्तसारणीत आज सगळी मिळून ११८ मूलद्रव्ये आहेत आणि त्यांपैकी माणसाच्या शरीराला आवश्यक मानली जाणारी वीस-पंचवीसच्या घरात आहेत. ९२ हा आकडा खरा करून दाखवायचा तर त्यात शिसे, आर्सेनिक आणि युरेनियमही मोजावे लागेल, आणि ते काही लेबलवर मिरवण्याजोगे नाही. शेवाळात आयोडीन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि थोडे लोह असते, एवढे खरे. ‘वनस्पतिजन्य कोलॅजेन’ हा दुसरा आवडता दावाही त्याच पंक्तीतला आहे. कोलॅजेन हे प्राण्यांच्या शरीरातले प्रथिन असून ते कोणत्याही शेवाळात सापडत नाही.

सी मॉस या एका नावाखाली बाजारात निदान तीन प्रकारची लाल शेवाळे विकली जातात, आणि घरी केलेले जेल जमले नाही अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुधा एकाची कृती दुसऱ्याला लावलेली असते. पहिले म्हणजे खरे आयरिश मॉस, कॉन्ड्रस क्रिस्पस. ते आयर्लंड, फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील थंड पाण्यात खडकांना धरून वाढते. त्याची पाती चपटी, पंख्यासारखी पसरलेली आणि टोकाशी फाटे फुटलेली असतात, आणि मूळचा जांभळट रंग उन्हात वाळताना पिवळसर होत जातो. दुसरे ग्रॅसिलेरिया, दोऱ्यासारखे बारीक आणि लांब, ज्यापासून आपल्याकडे ‘चायना ग्रास’ म्हणून ओळखले जाणारे अगर निघते. तिसऱ्या प्रकारात युक्यूमा आणि कॅपाफायकस हे दोन भाऊबंद येतात. त्यांच्या फांद्या जाड, गोल आणि रबरासारख्या असतात, आणि ‘गोल्ड सी मॉस’ म्हणून जे विकले जाते ते बहुतांशी यांपैकीच असते. कॅपाफायकस मूळचे आग्नेय आशियातले. आता सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावरच्या प्रालां उपसागरासारख्या ठिकाणीही त्याची लागवड होते. पाण्यात दोर ताणून त्यांना शेवाळाचे तुकडे बांधतात, आणि दोर तरंगता राहावा म्हणून त्याला रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या लावतात.

हा भेद केवळ वनस्पतिशास्त्रातला नाही, भांड्यात काय होते ते त्यावर ठरते. ग्रॅसिलेरियातले अगर जवळजवळ उकळत्या पाण्यातच विरघळते, त्यामुळे ते नुसते भिजवून वाटले तर जेल न होता दोऱ्यांचा लगदा होतो. बाकीच्यांत कॅरागीनन हे अगरसारखेच जमवणारे द्रव्य असते, पण तेही एकसारखे नसते. कॅपाफायकसमधले कॅरागीनन घट्ट आणि ठिसूळ जमते व ठेवल्यावर पाणी सोडते, तर युक्यूमामधले मऊ आणि लवचीक जमते. कॉन्ड्रसची गंमत अशी, की त्याच्या दोन पिढ्या आलटून पालटून येतात आणि त्यांपैकी एका पिढीतले कॅरागीनन जमते, तर दुसरीतले नुसते दाट होते. त्यामुळे आयरिश मॉसच्या दोन पाकिटांचा निकाल तंतोतंत सारखा लागला नाही, तर त्यात करणाऱ्याचा दोष असेलच असे नाही.

माझी मुख्य खरेदी दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या बाजारातली, इलेक्ट्रिक अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका दुकानातली. या भागात कॅरिबियन कुटुंबे दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९४८ नंतर, येऊन वसली, आणि रताळ्यांच्या, हिरव्या केळ्यांच्या ढिगांशेजारी सी मॉसच्या पिशव्या टांगलेल्या दिसणे इथे नवलाचे नाही. दुकानदार बाई सेंट लुसियाच्या. पिशवी हातात घेताच त्यांनी मला विचारले, की हे पिण्यासाठी नेता आहात की चेहऱ्याला लावण्यासाठी. आणि पिण्यासाठी म्हटल्यावर, व्हिडिओ पाहून कच्चेच वाटणाऱ्या नव्या गिऱ्हाइकांविषयी मोकळेपणाने नाराजी व्यक्त करून, ‘आमच्या आईने ते कधी न उकळता दिलेले मला आठवत नाही,’ असे त्या म्हणाल्या. शंभर ग्रॅमच्या पिशवीला तयार बरणीच्या निम्म्याहून कमी पैसे पडले. शेवाळ फिकट सोनेरी, जाडसर, काही ठिकाणी जांभळी झाक असलेले होते आणि त्यावर मिठाचे खडे दिसत होते. असे जाड आणि एकसारखे शेवाळ म्हणजे समुद्राऐवजी हौदात वाढवलेला नकली माल, असा एक समज पसरला आहे, पण दोरावर लागवड केलेले कॅपाफायकस दिसतेच तसे. मीठ मात्र वजनात धरले जाते, तेव्हा पिशवीच्या तळाशी मिठाचा थर साचला असेल तर ती परत ठेवावी.

घरी जेल करण्यातला सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग धुण्याचा. तीस ग्रॅम सुके शेवाळ, म्हणजे सैलसर दोन मुठी, एका मोठ्या पातेल्यात घेऊन गार पाण्यात चोळून धुवावे आणि पाणी ओतून द्यावे. पहिल्या पाण्याला तळाशी करड्या वाळूची रेघ येते, दुसऱ्याला शिंपल्यांचा चुरा, आणि फांद्यांच्या बेचक्यांत बारकाईने पाहिले तर लागवडीच्या दोराचे निळे-हिरवे प्लॅस्टिकचे धागे अडकलेले सापडतात. हे धागे केसाइतके बारीक असतात आणि शेवाळ सुके असताना मुळीच दिसत नाहीत. थोडे फुगल्यावर, पांढऱ्या ताटलीत उजेडाला धरून, बोटांनी एकेक फांदी उलगडत गेल्याशिवाय ते हाती लागत नाहीत. मिक्सरमध्ये ते वाटले जाऊन जेलमध्येच राहणार असल्यामुळे या कामाला वीस मिनिटे द्यावीत. तयार बरणीवाले हे काम किती निगुतीने करतात हे बाहेरून कळायला मार्ग नाही, आणि घरी करण्याच्या बाजूने मला हाच सर्वांत सबळ मुद्दा वाटतो.

त्यानंतर भरपूर गार पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे. मध्ये एकदा पाणी बदलता आले तर उत्तम. शेवाळ फुगून तिप्पट-चौपट होते, रंग काचेसारखा पारदर्शक होतो आणि खारट वास बराच कमी होतो. उन्हाळ्यात किंवा भारतातल्या हवेत ते ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये भिजवावे, कारण गरम हवेत सकाळपर्यंत कोळीवाड्याचा वास येऊ लागतो. भिजवलेले पाणी जेलमध्ये वापरावे, त्यात सत्त्व उतरलेले असते, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. त्या पाण्यात मुख्यतः मीठ आणि उरलीसुरली वाळू असते. मी ते टाकून देते.

वाटण्यापूर्वी शिजवायचे की नाही, हा खरा वादाचा मुद्दा. कच्चे वाटणाऱ्यांचे म्हणणे असे, की उष्णतेने गुण जातो. गोल्ड सी मॉस दोन्ही प्रकारे करून पाहिल्यावर माझे मत शिजवण्याच्या बाजूने झाले आहे. कच्चे वाटलेले जेल दाट होते खरे, पण ती फुगलेल्या शेवाळाची बारीक चटणीच असते. जिभेवर ती किंचित रवाळ लागते आणि समुद्राचा वास मागे ठेवते. तेच शेवाळ सहाशे मिलिलिटर पाण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजवले, की फांद्या कडेने वितळू लागतात, पाणी पळीवरून ओघळताना तार धरते, आणि मग थोडे निवल्यावर मिक्सरमधून काढले तर गुळगुळीत, फिकट मलईच्या रंगाचे जेल होते. कढत असताना मिक्सरचे झाकण घट्ट लावू नये, वाफेने ते उडते. लिंबू पिळायचे असेल तर आचेवरून उतरवल्यानंतरच पिळावे; आंबट आणि उष्णता एकत्र आली की कॅरागीननच्या साखळ्या तुटतात आणि जेल सैल पडते. काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवले की तीन-चार तासांत ते जमते. तीस ग्रॅमांपासून बरणी-दीड बरणी जेल निघत असल्याने शंभर ग्रॅमच्या पिशवीत चारएक बरण्या सहज होतात. हिशोब वाचकांनीच करावा.

चवीबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण विक्रेते तिला ‘चवहीन’ म्हणतात. शिजवलेल्या जेलला स्वतःची चव फार नसते, पण पूर्ण वासरहित ते नसते, आणि ज्यांच्या घरात मासे शिजत नाहीत त्यांना ते पहिल्या चमच्यात जाणवेल. नुसते चमच्याने खाण्याचा पदार्थ हा नाही. कॅरिबियन घरांत ते तसे खातही नाहीत. तिथे ते दूध, कंडेन्स्ड मिल्क, जायफळ, दालचिनी आणि व्हॅनिला घालून पेय म्हणून घेतात. जमैकात त्यात जवस आणि डिंकही पडतो, कधी वरून रमही, आणि ताकद येण्यासाठी पुरुषांनी प्यावे अशी त्याची ख्याती आहे, जशी आपल्याकडे बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांची. मी दोन चमचे जेल जायफळ-वेलची घातलेल्या गरम दुधात घोटून घेतले, आणि वास संपूर्ण झाकला गेला. आंब्याच्या किंवा केळ्याच्या मिल्कशेकला त्याने चांगला दाटपणा येतो. आमटीत, रश्श्यात दाटपणासाठी घालून पाहिले तर ते चालते, परंतु पोत किंचित बुळबुळीत होतो आणि मला तो आवडला नाही.

आयरिश पाकिटाचा निकाल वेगळा आणि माझ्या दृष्टीने अधिक चांगला लागला. या शेवाळाचे पाण्यात जेल करण्याच्या फंदात पडूच नये. आयर्लंडमध्ये ते पूर्वापार दुधात शिजवतात, आणि त्यामागे पक्के कारण आहे: कॅरागीनन दुधातल्या केसीन या प्रथिनाला धरते, त्यामुळे पाण्यात जेवढे लागते त्याच्या अंशानेच दूध जमते. कॉर्क परगण्यातल्या बॅलीमलू हाउसच्या मर्टल अ‍ॅलन यांनी जी खीरवजा पुडिंगची कृती प्रसिद्धीस आणली, तिच्यात जवळजवळ नऊशे मिलिलिटर दुधाला अवघे सात-आठ ग्रॅम शेवाळ, म्हणजे सैल मिटलेली एक मूठ, एवढेच प्रमाण आहे. पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून, दुधात वीस मिनिटे मंद शिजवून गाळणीतून दाबून काढायचे. चोथ्यावर उरलेला बुळबुळीत थर चमच्याने रगडून दुधात उतरवला नाही तर पुडिंग जमत नाही. जमवणारे द्रव्य त्या थरातच असते. मूळ कृतीत अंडे पडते. मी ते वगळून साखर, केशर आणि वेलची घातली आणि दूध वाट्यांमध्ये ओतले. जमलेला पदार्थ चायना ग्रासच्या वड्यांपेक्षा पुष्कळ मऊ, हलवला तर थरथरणारा, खरवसाच्या जवळ जाणारा झाला. भरपूर शेवाळ घालण्याचा मोह आवरावा, नाहीतर रबर होतो आणि वासही वर येतो. पन्नास ग्रॅमचे पाकीट घरी महिनोन् महिने पुरेल.

टिकण्याच्या बाबतीत विक्रेत्यांचे ‘तीन ते चार आठवडे’ हे आश्वासन मी मानत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, पाण्याने भरलेले जेल फ्रिजमध्ये आठवडा ते दहा दिवस ठेवावे, आणि दर वेळी कोरडा चमचा घालावा. वर थोडे पाणी सुटले तर घाबरण्याचे कारण नाही, विशेषतः कॅपाफायकसचे जेल असेल तर. आंबूस वास, गुलाबी ठिपके किंवा बुडबुडे दिसले तर मात्र फेकून द्यावे. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येते, परंतु वितळल्यावर कॅपाफायकसचे आणि अगरचे जेल फाटून पाणी सोडते, युक्यूमाचे बऱ्यापैकी टिकते. गोठवलेले खडे थेट मिक्सरमध्ये मिल्कशेकसाठी वापरले तर फाटल्याचे कळतही नाही.

प्रमाणाचा प्रश्न मी हलका घेणार नाही, कारण बहुतेक बरण्यांवर ‘रोज दोन चमचे’ छापलेले असते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदरपणी अडीचशेच्या आसपास. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी कमाल मर्यादा दिवसाला ६०० मायक्रोग्रॅम धरली आहे. लाल शेवाळांत केल्पसारख्या तपकिरी शेवाळांपेक्षा आयोडीन कमी असते, पण जात, पाणी आणि हंगाम यांनुसार ते इतके बदलते, की घरच्या चमच्यात किती आहे हे सांगणे शक्य नाही. इंग्लंडमध्ये घरचे मीठ बहुधा आयोडीनयुक्त नसते आणि आयोडीन मुख्यतः दुधातून मिळते. भारतात खाण्याचे मीठ आयोडीनयुक्तच विकावे असे बंधन असल्याने तिथल्या स्वयंपाकात ते रोजच पडते. म्हणून ‘थायरॉईडसाठी चांगले’ या सर्रास दिल्या जाणाऱ्या सल्ल्याची मला भीती वाटते: थायरॉईडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यामुळे पोटॅशियम जपावे लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे रोज घेऊ नये. मी स्वतः आठवड्यातून एकदा, पदार्थाला दाटपणा आणण्यापुरते घेते. त्वचेत, केसांत किंवा उत्साहात मला काही फरक जाणवलेला नाही. कॅरागीनन म्हणून तर आपण ते कधीचेच खात आहोत: आइस्क्रीम, चॉकलेट दूध आणि तयार क्रीम यांच्या वेष्टनांवर ‘ई ४०७’ म्हणून लिहिलेले असते ते हेच, आणि टूथपेस्टलाही दाटपणा त्यानेच येतो.

भारतातल्या वाचकांना ब्रिक्स्टनपर्यंत येण्याची गरज नाही. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात, मंडपमच्या आसपास, कॅपाफायकसची लागवड बांबूच्या तराफ्यांवर होते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ते भारतीय पाण्यात रुजवले आणि आज त्यावर किनाऱ्यावरच्या अनेक मच्छीमार स्त्रियांचे पोट चालते. दीडेक महिन्यात एक पीक हाती येते. या शेवाळाला दुसरी बाजूही आहे, मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर ते पसरल्याचे आढळले होते. कोकणच्या खडकांवरही ग्रॅसिलेरिया दिसते, पण बंदराजवळचे किंवा सांडपाणी येणाऱ्या खाडीच्या तोंडचे शेवाळ आपणच काढून आणू नये. ऑनलाइन मागवताना ‘वाइल्ड क्राफ्टेड’ (लागवड न करता निसर्गातून गोळा केलेले) या शब्दांना भुलण्यापेक्षा जातीचे नाव, किनाऱ्याचे नाव आणि खाद्य परवान्याचा क्रमांक पाहावा, आणि माल खाण्यासाठीच वाळवलेला आहे ना, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. मंडपमचे बरेचसे पीक कॅरागीनन काढण्याच्या कारखान्यांकडे आणि द्रवरूप खतासाठी जाते, आणि त्या मालात वाळू किंवा दोराचे धागे राहिले तरी कारखान्याचे काही अडत नाही.